माहितीचीही पावती असते



जानेवारी उजाडला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. बचत गोळा होते, हप्ते भरून होतात, कर्जाची मागणी लिहून होते आणि वही मिटता मिटता कुणीतरी म्हणतं, "ताई, पोरीला शाळेतून प्रकल्प दिलाय. नेटवर शोधायला सांगितलंय. ती माझा मोबाईल घेऊन बसते तासभर. काय करते, मला काय कळतंय?" मग दुसरी सांगते की तिच्या मुलाने झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्पच आणला. विषय सांगितला, पैसे दिले, वीस पानं हातात. पानांवर रंगीत बॉर्डर, वर मोठ्या अक्षरात मथळा. मुलाने फक्त स्वतःचं नाव आणि हजेरी क्रमांक घातला. एकाच वर्गातल्या चार मुलांचे चार प्रकल्प शब्दाला शब्द सारखे निघाले. त्यांतल्या एकाच्या शेवटच्या पानावर तर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या शाळेचं नाव छापलेलं होतं.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, असं आम्हा समन्वयक बायांना वाटतं. २०१० पासून आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, चाचणी, स्वाध्याय यांच्या जोडीला प्रकल्पही ठेवला, तो मुलांनी स्वतः काहीतरी शोधून काढावं म्हणून. ते शोधणंच दुकानात विकत घेतलं, तर मजुरीतले पन्नास-साठ रुपये जातात ते वेगळंच, मुलाच्या हाती काय राहतं? बरं, दुकानदाराला बोल लावून उपयोग नाही. त्याच्याकडे जे मागितलं ते तो देतो.

आज आपण सहावी ते आठवीच्या मुलांबद्दल बोलू. नेटवरची माहिती शोधायची कशी, ती नीट लावून ठेवायची कशी, आणि कुठून घेतली ते लिहायचं कसं. इंग्रजी येत नाही म्हणून यात आपलं काम नाही, असं कुणी समजू नका. यातला अर्धा भाग तुम्ही दर आठवड्याला करताच.

कसा, ते सांगतो. गटाची पंचसूत्री तुम्हाला झोपेतून उठवून विचारली तरी येते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पाचवं, हिशेबाच्या नोंदी. कुणी म्हणालं की सतरंजीला आठशे रुपये लागले, तर आपण काय म्हणतो? पावती दाखव. रोकड वहीत खर्च लिहिताना शेजारी व्हाउचरचा क्रमांक घालतो. वर्षाने लेखापरीक्षण झालं तरी त्या क्रमांकावरून पावती सापडते. बाई खोटं बोलते असा संशय असतो म्हणून नव्हे, तर उद्या ती गटात नसली तरी हिशेब बोलला पाहिजे म्हणून.

प्रकल्पातली माहिती म्हणजे तसाच जमाखर्च. मुलाने वाक्य लिहिलं की "कशावरून?" असं विचारता आलं पाहिजे आणि त्याला पावती दाखवता आली पाहिजे. शाळेच्या भाषेत या पावतीला 'संदर्भ' म्हणतात. एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

एक खराखुरा विषय घेऊ. सातवीला पुष्कळ ठिकाणी 'आपल्या आहारातील भरडधान्ये' असा प्रकल्प देतात. आपल्या डोंगरपट्ट्यातली पोरं साहजिकच नागली घेतात. आपले गट नागलीचे पापड करतात, घरात नागलीची भाकरी असते. विषय ओळखीचा.

पहिली चूक इथेच होते. मूल मोबाईलमध्ये 'नागली माहिती' एवढंच टाकतं आणि जे वर येईल ते उतरवायला लागतं. वर येतात पापडाच्या पाककृती, विकणाऱ्यांच्या जाहिराती आणि वजन कमी करायचे उपाय. जाहिरात असेल तिथे बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. ते मुलाला शोधायला सांगा, त्यांना असला खेळ आवडतो.

मोबाईल हातात घेण्याआधी कागद घ्या. मुलाला विचारा, तुला नागलीबद्दल नक्की काय जाणून घ्यायचंय? चार-पाच प्रश्न त्याच्याच तोंडून काढा. हे धान्य कसं दिसतं, कुठल्या जमिनीत येतं? लावणी कशी करतात? त्यात शरीराला उपयोगी काय आहे? आपल्या गावात पूर्वीपेक्षा पेरा कमी झाला का, आणि का? प्रश्न लिहिले की प्रकल्पाचे भागही तयार होतात आणि शोधायचे शब्दही मिळतात. दर प्रश्नाला वहीची दोन पानं सोडा. आमच्या पाहण्यात तरी, जिथे प्रश्न आधी लिहिले तिथे दुकानातल्या वीस पानांची गरजच पडली नाही. सहा-सात पानांत काम झालं.

शब्दांचीही एक गंमत आहे. आपण नागली म्हणतो, कोकणात नाचणी म्हणतात, कर्नाटकाकडे आणि इंग्रजी पुस्तकांत रागी. तिन्ही एकच. एका नावाने शोधलं तर एक खिडकी उघडते, दुसऱ्या नावाने दुसरी. तसंच 'भरडधान्य', कृषी विभागाच्या कागदांत 'पौष्टिक तृणधान्य' आणि २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून सरकारी बोलण्यात 'श्रीअन्न'. एका नावाने काही सापडलं नाही म्हणून मूल हिरमुसलं, तर दुसरं नाव सुचवायला आईच लागते. ही नावं आईला आणि आजीला माहीत असतात.

आता एक धोका. मूल इंग्रजी पान उघडतं आणि मोबाईललाच मराठी करायला सांगतं. हरकत नाही, पण 'मिलेट' या इंग्रजी शब्दाचं मोबाईल पुष्कळदा 'बाजरी' करून टाकतो. मिलेट म्हणजे सगळी भरडधान्यं. ज्वारी, बाजरी, नागली, वरई, राळा, सावा सगळं त्यात आलं. त्यामुळे '२०२३ हे जागतिक बाजरी वर्ष होतं' असं वाक्य प्रकल्पात येऊन बसतं. वाचायला ठीक वाटतं आणि साफ चुकीचं असतं. भाषांतर केलेलं पान असेल तर त्यातलं एखादं वाक्य मोठ्याने वाचून घ्या. आपल्याला ओळखीच्या गोष्टीत काही विचित्र वाटलं, उदाहरणार्थ बाजरीची रोपं चिखलात लावतात असं आलं, की समजायचं, शब्द फसलाय.

याच वर्षाची आणखी एक गोष्ट. मुलांच्या वहीत भरडधान्य वर्ष म्हणून कधी २०१८ असतं, कधी २०२१, कधी २०२३. आई विचारते, यातलं खरं कुठलं? तिन्ही खरी आहेत, पण तीन वेगळ्या गोष्टींची. २०१८ हे आपल्या देशाने भरडधान्यांचं राष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. मार्च २०२१ मध्ये, भारताने मांडलेल्या प्रस्तावावर, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला. त्या ठरावाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरलं. मूल नुसता आकडा उतरवतं, आकडा कशाचा आहे ते उतरवत नाही, म्हणून हा घोळ होतो. रोकड वहीत नुसतं 'पाचशे' लिहिलं आणि जमा की खर्च ते लिहिलंच नाही, तर काय होईल, तसं.

आता सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. आमच्या मते अख्ख्या भाषणातलं हे एकच लक्षात राहिलं तरी पुरे. नागलीत कॅल्शियम किती, असा प्रश्न आहे. प्रदर्शनात एखाद्या स्टॉलवर लावलेल्या तक्त्यात दिसतं, १०० ग्रॅमला ३४४ मिलिग्रॅम. नेटवर दुसरीकडे दिसतं ३६४. मूल गोंधळतं. कुठला खोटा? कुठलाच नाही. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. देशभरातल्या अन्नपदार्थांत काय काय आहे, हे प्रयोगशाळेत तपासून ती संस्था तक्ते छापते. तिच्या जुन्या पुस्तकात नागलीचं कॅल्शियम ३४४ आहे. पुढे देशाच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने आणून पुन्हा तपासणी झाली आणि २०१७ साली नवे तक्ते निघाले, त्यात ३६४ आहे. धान्य तेच, पण नमुने वेगळे, तपासणीची वेळ वेगळी. बाजरीतल्या लोहाचंही असंच आहे. जुन्या तक्त्यात ८ मिलिग्रॅम, नव्यात साधारण साडेसहा.

मुलाने नुसतं '३४४' लिहिलं तर शिक्षक म्हणू शकतात, चुकलं. '३४४, राष्ट्रीय पोषण संस्थेचे जुने तक्ते' असं लिहिलं तर चुकलं म्हणता येणार नाही. फार तर म्हणतील, आता नवे आलेत ते बघ. आणि '३६४, राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद, २०१७' असं लिहिलं तर बोलायलाच जागा नाही. आकड्याच्या मागे कोण उभं आहे आणि कुठल्या वर्षी उभं आहे, हे लिहिलं की आकडा पक्का होतो.

आणखी पुढे जाऊन विचारा, १०० ग्रॅम कशाचे? भाकरीचे की धान्याचे? हे आकडे कोरड्या धान्याचे असतात. पापडात उडीद, मीठ, खार पडतो, तेव्हा धान्याचा आकडा पापडाला लावता येत नाही. नागलीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. वजनाला वजन धरलं तर ते खरंच आहे. पण पोरगं दूध पितं पेलाभर आणि भाकरी खातं अर्धी. सातवीच्या मुलाने एवढा विचार करून एक ओळ लिहिली, तर आम्ही तरी त्याला पैकीच्या पैकी देऊ.

माहिती कुठे शोधावी, हे थोडक्यात सांगतो. मराठीत शोधायचं तर पहिली जागा मराठी विश्वकोश. वाईला त्याचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ साली निघाला आणि आता सगळे खंड नेटवर फुकट वाचता येतात. त्याची चांगली गोष्ट म्हणजे नोंद संपली की खाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, पुष्कळदा त्याने वापरलेल्या पुस्तकांची यादीही असते. म्हणजे पावती आयतीच. पण खंड जुने आहेत. झाड कसं असतं, जमीन कुठली लागते, हे बदलत नाही, ते तिथून घ्या. किती हेक्टरवर पेरा होता, उत्पादन किती, हे तिथून घेतलं तर वर्ष लिहायला विसरू नका.

विकिपीडियाला पुष्कळ शिक्षक नाकं मुरडतात. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि कुणीही त्यात लिहू शकतं, खोडू शकतं, हे खरं. म्हणून तिथलं वाक्य डोळे मिटून घ्यायचं नाही. पण पानाच्या तळाशी 'संदर्भ' असतात, तिथून मूळ जागी जाता येतं. गावात नवीन आलेल्या माणसाला आपण आधी पानटपरीवर पत्ता विचारतो, पण ग्रामसेवकाचा दाखला टपरीवाला देत नाही. तसं आहे हे. मुलाला पानावरचा 'इतिहास पहा' हा भागही दाखवा. कुणी, कुठल्या तारखेला, काय बदललं ते तिथे ओळीने दिसतं. संदर्भच नसलेलं पान दिसलं तर मात्र सरळ सोडून द्या.

सरकारी पानाच्या पत्त्यात शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. ते सरकारी खात्यांनाच मिळतं. 'डॉट कॉम' आणि 'डॉट ओआरजी' कुणीही पैसे भरून घेऊ शकतं, त्यामुळे नावात 'कृषी' किंवा 'आरोग्य' असलं म्हणून ते पान सरकारचं होत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं नेटवर फुकट आहेत. सातवीच्या मुलाला आठवीचं विज्ञानाचं पुस्तक उघडून बघायला कुणाची बंदी नाही. आणि व्हॉट्सॲपवर फिरत आलेला संदेश, 'नागली खा, साखरेची गोळी बंद करा' छापाचा? त्याला ना लिहिणारा, ना तारीख, ना ठिकाण. तो प्रकल्पात घालायचा नाही आणि, आता विषय निघालाच आहे तर, घरातल्या माणसाच्या गोळ्याही त्यावरून बंद करायच्या नाहीत.

हल्ली आणखी एक झालंय. मोबाईलला प्रश्न विचारला की तोच चटकन परिच्छेद लिहून देतो. शोधल्यावर सगळ्यात वर तयार उत्तर येतं, व्हॉट्सॲपमध्येही तशी सोय आलीय. याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. भाषा गोड, शुद्धलेखन चोख, त्यामुळे मुलांना वाटतं काम झालं. पण ते यंत्र दर वेळी पुस्तक उघडून, बघून सांगतंच असं नाही. लाखो मजकुरांवरून पुढचा शब्द कुठला शोभेल ते जुळवत जातं. म्हणून ते कधी बरोबर सांगतं, कधी बेधडक चुकीचं, आणि दोन्ही वेळा आवाज सारखाच. 'संदर्भ दे' म्हटलं तर कधीकधी जगात नसलेल्या पुस्तकाचं नावही पान क्रमांकासकट देतं. असली बनावट पावती गटात कुणी दिली तर आपण काय करू?

सरसकट बंदी घाला, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. इंग्रजी तक्ता कळत नसेल तर 'हे सोप्या मराठीत सांग' असं विचारायला ते उपयोगी आहे. त्याने नाव सांगितलं तर ते नाव घेऊन मूळ जागी जावं, तिथे सापडलं तर मूळ जागेचा संदर्भ लिहावा. सापडलं नाही तर ते वाक्य वगळावं. आणि मदत घेतली असेल तर शेवटी एक ओळ लिहावी की अमुक कामासाठी घेतली. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता माहिती लावून कशी ठेवायची ते बघू. घरात मोबाईल एकच, तो दिवसभर बाबांबरोबर बाहेर किंवा गटाच्या कामासाठी आईकडे. मुलाच्या हाती येतो रात्री, तोही चार्जिंग संपत आल्यावर. काल बघितलेलं पान आज सापडत नाही आणि मग ते म्हणतं, "जाऊ दे, कुठून घेतलं आठवत नाही." म्हणून बघतानाच लिहायचं, नंतर नाही. बैठकीतला जमाखर्चही आपण बैठकीतच लिहितो ना, घरी जाऊन आठवून नाही.

वहीचं पान आडवं धरा आणि तीन उभ्या रेघा मारून चार रकाने करा. पहिल्यात क्रमांक, दुसऱ्यात काय सापडलं ते दोन-तीन ओळींत, तिसऱ्यात कुठे सापडलं आणि कुणी लिहिलंय, चौथ्यात आपण पाहिल्याची तारीख. तारीख कशाला, असं मुलं विचारतात. छापलेलं पुस्तक बदलत नाही, नेटवरचं पान रात्रीत बदलू शकतं, कधी गायबही होतं. आपण पाहिलं तेव्हा ते असं होतं, हे सांगायला तारीख लागते.

पानाचा पत्ता इंग्रजीत लांबलचक असतो, उतरवताना टिंब चुकतं. त्यावर सोपा उपाय आहे. व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला संदेश पाठवता येतो. पानाचा पत्ता तिथे पाठवून ठेवायचा आणि त्याखाली प्रश्नाचा क्रमांक टाकायचा. स्क्रीनशॉट काढला तर वरची पत्त्याची पट्टी त्यात आली पाहिजे. नुसत्या मजकुराचा फोटो म्हणजे दुकानाचं नाव फाडलेली पावती. गटाच्या ग्रुपवर मात्र मुलांना हे टाकू देऊ नका. हप्त्याचे संदेश त्यात बुडतात.

इथवर आलं की मूल म्हणतं, आता उतरवतो. हीच वेळ आईने शेजारी बसायची. मूल पान वाचतं, मग मोबाईल पालथा ठेवायचा आणि आईला सांगायचं, काय वाचलं ते. पुस्तकी भाषेत नाही, घरच्या भाषेत. 'सदर पीक वरकस व निकृष्ट प्रतीच्या जमिनीत येते' असं पाठ म्हणायला लागलं तर थांबवा आणि विचारा, म्हणजे कसली जमीन रे? आपली वरची टेकाडाची आहे तसली का? "हो, तसलीच," असं ते म्हणालं की त्याला कळलं. आता तेच त्याच्या शब्दांत लिहू द्या. आईला वाचता येत नसलं तरी हे काम तिला येतं, उलट जास्त चांगलं येतं. ज्याला माहीत नाही त्याला समजावून सांगताना आपल्यालाच काय कळलं नाही ते उघडं पडतं.

स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी माहिती दुसऱ्याचीच आहे, तेव्हा संदर्भ द्यायचाच. आणि एखादं वाक्य जसंच्या तसं हवं असेल तर ते अवतरण चिन्हात घालायचं. ती दोन चिन्हं नसली तर ती नक्कल ठरते.

चित्रांचं थोडक्यात. नेटवर दिसलेलं प्रत्येक चित्र फुकट नसतं, ते कुणीतरी काढलेलं असतं. चित्राखाली कुठून घेतलं ते लिहावं. पण नागलीच्या कणसाचा फोटो नेटवरून कशाला? बांधावर जाऊन काढा आणि खाली लिहा, 'फोटो: स्वतः', तारीख, शिवाराचं नाव.

आता ज्याबद्दल सांगायची आम्हाला सगळ्यात जास्त घाई होती ते. 'आपल्या गावात नागलीचा पेरा का कमी झाला?' या प्रश्नाचं उत्तर नेटवर सहसा मिळत नाही. ते आजीकडे असतं, शेजारच्या मावशींकडे असतं, ज्यांनी राब भाजलाय, पावसात वाकून रोपं लावलीत, खळ्यावर कणसं झोडलीत त्यांच्याकडे असतं. मुलांना वाटतं माहिती म्हणजे मोबाईलमधलीच. आजीने सांगितलेलं ते घरगुती बोलणं, ते वहीत कसं लिहायचं? लिहायचं. मुलाखत हाही संदर्भच आहे, आणि तो रीतसर देता येतो. सांगणाऱ्याचं नाव, साधारण वय, गाव, काय काम करतात, आणि बोलणं झालं ती तारीख. आधी विचारायचं, "आजी, तुझं नाव लिहू का?" नको म्हणाली तर नाव न घालता 'गावातील एक ज्येष्ठ शेतकरी महिला' एवढंच लिहायचं.

प्रश्न मात्र नीट विचारा. "पूर्वी कसं होतं?" असं विचारलं की आजी म्हणते, "पूर्वी लई चांगलं होतं." त्यातून काही निघत नाही. तुमच्या लग्नाच्या वेळी घरात किती पायली नागली व्हायची? दळण जात्यावर किती वेळ चालायचं? भात जास्त लावायला कधी लागलात? कुठल्या वर्षी, हे आठवत नसलं तर थोरल्या मुलीच्या जन्माआधी की नंतर, असं विचारा. अशा खुणांवरून वर्ष काढता येतं. दोन-तीन बायांना तेच विचारा. एकीने सांगितलेलं आणि दुसरीने सांगितलेलं जुळलं नाही तर खोडू नका, दोन्ही लिहा, नावासकट. ३४४ आणि ३६४ सारखंच आहे ते.

शेवटी प्रकल्प लिहिताना प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याच्या शेवटी छोटा आकडा घालून गोल करायचा, आणि शेवटच्या पानावर 'संदर्भ' असा मथळा देऊन त्या आकड्यांपुढे जागा लिहायची. तोच आपला व्हाउचर क्रमांक. पुस्तक असेल तर लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष, पान. नेटवरचं असेल तर लिहिणाऱ्याचं किंवा संस्थेचं नाव, पानाचा मथळा, संकेतस्थळ, पत्ता, पाहिल्याची तारीख. लिहिणाऱ्याचं नाव नसेल तर संस्थेचं. संस्थेचंही नसेल तर ती माहिती वापरावी की नाही याचाच पुन्हा विचार करावा.

नागलीच्या प्रकल्पाचं शेवटचं पान मग साधारण असं दिसेल. एक, मराठी विश्वकोश, 'नाचणी' ही नोंद, खाली लेखकाचं नाव, पत्ता, पाहिलं १२ जानेवारी. दोन, राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद, अन्नघटकांचे तक्ते, २०१७, पाहिलं १३ जानेवारी. तीन, मुलाखत, आजीचं नाव, वय अंदाजे ७०, शेती, गाव, १५ जानेवारी. चार, फोटो स्वतः काढलेले. चारच ओळी, पण दुकानातल्या वीस पानांत यातली एकही नसते.

काही शाळांत अजून सजावटीलाच जास्त गुण मिळतात, हेही आम्हाला माहीत आहे. एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं, शिक्षकांनी तरी काय काय बघावं? पण पालक सभेत आपण विचारू शकतो, की गुरुजी, संदर्भाच्या पानाला दोन गुण ठेवता येतील का, आणि प्रकल्प दिल्यावर मुलाला त्यावर तोंडी दोन प्रश्न विचाराल का? ज्याने स्वतः शोधलंय तो उत्तर देतो. गटातल्या चार-पाच जणींनी मिळून विचारलं तर शिक्षक ऐकतात, एकटीचं राहून जातं.

प्रकल्प जमा करायच्या आधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, कारण शाळेतून तो परत येईलच असं नाही. आणि मुलाखतीचं पान त्या आजीला वाचून दाखवायला मुलाला सांगा. पायलीच्या जागी मण लिहिलं असेल तर ती तिथल्या तिथे सांगेल, आणि दुरुस्तीला अजून एक रात्र हातात असेल.